अर्ध्याहून जास्त पाणी

कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये मागच्या रॅकवर एक बरणी हमखास सापडते. लेबल अर्धवट फाटलेलं. आत लांबट, काचेसारखे पारदर्शक खडे आणि त्यांच्या अंगावर पिठीसाखरेसारखी पांढरी भुकटी. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, माल खराब झाला. खराब वगैरे काही झालेलं नसतं. झाकण नीट लागलं नव्हतं, आणि खड्यांमधलं पाणी हवेत निघून गेलं, एवढंच. खड्यांमध्ये पाणी कुठून आलं, असं विचाराल तर उत्तर आहे: ते पहिल्यापासून तिथेच होतं. या मिठाच्या 100 ग्रॅम खड्यांमध्ये जवळपास 56 ग्रॅम पाणी असतं. हात लावला तर कोरडं, पण निम्म्याहून जास्त पाणी!

हे मीठ म्हणजे ग्लॉबर सॉल्ट. सोडियम सल्फेटचा एक रेणू आणि त्याला धरून बसलेले पाण्याचे दहा रेणू. ज्याच्या नावावरून हे नाव पडलं तो योहान रुडॉल्फ ग्लाउबर ना डॉक्टर होता, ना प्रोफेसर. त्याच्याकडे डिग्री नव्हती, लॅटिन धड येत नव्हतं, आणि आयुष्यात एकदा त्याचं चक्क दिवाळंही निघालं. तरी सतराव्या शतकातल्या युरोपात केमिस्ट्रीवर पोट भरून दाखवणाऱ्या पहिल्या काही माणसांत त्याचं नाव घ्यावं लागतं.

1604 मध्ये जर्मनीत माइन नदीकाठच्या कार्लश्टाट गावात त्याचा जन्म झाला. वडील न्हावी. तेव्हाचे न्हावी दाढी-कटिंगसोबत दात उपटणं, रक्त काढणं असले उद्योगही करायचे, म्हणजे औषधपाण्याचं वातावरण घरात थोडंफार असणारच. शाळा अर्धवट सुटली. मग तो औषधांच्या दुकानांतून काम शिकत गावोगाव फिरू लागला. आजच्या भाषेत, इंटर्नशिपवर इंटर्नशिप. आणि हे फिरणं कुठल्या काळात? 1618 ते 1648, तीस वर्षांचं युद्ध चालू असताना. गावं जळत होती, सैन्यामागून साथीचे रोग चालत होते.

अशाच एका रोगाने त्याला गाठलं. साल साधारण 1625, वय एकवीस. व्हिएन्नाजवळच्या विनर नॉयश्टाट गावात तो तापाने आडवा झाला. लोक त्याला हंगेरियन ताप म्हणत; आजचे अभ्यासक तो टायफस असावा असं मानतात. तापातून तो वाचला, पण पोटात अन्न ठरेना, अंगात ताकद येईना. गावकऱ्यांनी सल्ला दिला, गावाबाहेर एक झरा आहे, त्याचं पाणी पी. सोबत पाव घेऊन जा. विश्वास नव्हता, पण गेला. पाव पाण्यात बुडवून खाल्ला, भूक लागली, अजून खाल्ला. काही दिवसांत तो हिंडू-फिरू लागला.

बरं, इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही देवळाजवळच्या कुंडाबद्दल सांगतात तशीच आहे. पुढे ग्लाउबरने जे केलं ते मात्र वेगळं. बरं वाटल्यावर निघून जायचं सोडून तो तिथेच रेंगाळला. ते पाणी भांड्यात घेऊन आटवायला बसला. पाणी आटत गेलं, आणि थंड झाल्यावर तळाशी लांबलचक पारदर्शक खडे धरले. स्थानिक जाणकार म्हणाले, हा सोरा आहे. दिसायला सोऱ्यासारखेच होते. पण सोरा निखाऱ्यावर टाकला की फुरफुरत पेटतो. हे मीठ पेटेना. मग हे आहे तरी काय? या प्रश्नाचं उत्तर त्याला त्या गावात मिळालं नाही. प्रश्न तो बरोबर घेऊन निघाला, आणि वीसेक वर्षं तो त्याच्याजवळ राहिला.

मधल्या काळातलं त्याचं आयुष्य धावपळीचंच होतं. पोटासाठी त्याने धातूचे आरसेही बनवले. जर्मनीत गीसेन इथे दरबारी औषधालयात नोकरी मिळाली, पण युद्धाने तिथूनही उठवलं. 1640 च्या सुमारास तो ॲमस्टरडॅमला पोहोचला. हॉलंडमध्ये व्यापार जोरात होता, पैसा खेळत होता, आणि तुझी डिग्री काय असं कुणी विचारत नव्हतं. तिथे त्याने दुसरं लग्न केलं. हेलेना हे त्या पत्नीचं नाव. त्यांना आठ मुलं झाली. आणि तिथेच त्याने भट्ट्या बांधायला सुरुवात केली.

भट्टी हा शब्द ऐकून हसू नका. त्या काळात केमिस्ट्रीची सगळी मर्यादा भट्टीत होती. जेवढी उष्णता, तेवढी केमिस्ट्री. ग्लाउबरने उंच धुराड्याच्या, जास्त तापणाऱ्या, धूर आणि वाफा नीट पकडणाऱ्या भट्ट्या तयार केल्या आणि त्यावर 1646 पासून पाच भागांचं पुस्तक काढलं. नाव लॅटिन, आतला मजकूर साध्या जर्मनमध्ये, कारागिरांना वाचता येईल असा. विद्वानांनी नाकं मुरडली असतील, पण पुस्तक चाललं. यूट्यूबवर रसायनाच्या द्रावणात रंगीत झाडं उगवतात तो केमिकल गार्डनचा प्रयोग तुम्ही पाहिला असेल, तोही त्याने त्याच काळात लिहून ठेवलाय.

या भट्ट्यांत 1648 च्या सुमारास तो आपल्या स्वयंपाकघरातलंच मीठ आणि विट्रिऑलचं तेल, म्हणजे आजचं सल्फ्युरिक आम्ल, एकत्र तापवत होता. त्यातून धूर निघतो, तो पाण्यात धरला की हायड्रोक्लोरिक आम्ल मिळतं. गिऱ्हाईक होतं ते या आम्लाला. भांड्यात खाली जो पांढरा गाळ उरायचा तो टाकून द्यायचा, अशी सगळ्यांची रीत. असल्या उरलेल्या गाळाला तेव्हाचे रसायनवाले मेलेलं डोकंच म्हणत, म्हणजे ज्यात जीव उरला नाही असं काहीतरी. ग्लाउबरने तो गाळ पाण्यात विरघळवला, गाळला, थंड होऊ दिला. सकाळी भांड्यात लांब, पारदर्शक खडे. झऱ्याच्या पाण्यातले तेच!

मला त्याच्या आयुष्यातली ही जागा सगळ्यात मोलाची वाटते. औषधी झरा म्हणजे दैवी देणगी, आणि भट्टीतला गाळ म्हणजे कचरा. दोन्हीत एकच पदार्थ आहे हे बघायला डोळ्यांबरोबर स्मरणशक्तीही लागते. वीस वर्षांपूर्वीचा तो खडा तो विसरला असता तर गाळ गटारात गेला असता. त्याने मिठाला नाव दिलं साल मिराबिले, चमत्कारी मीठ. पुढे 1845 मध्ये निसर्गात सापडणाऱ्या याच खनिजाला मिराबिलाइट नाव मिळालं ते यावरूनच.

चमत्कारी म्हणजे काय, तर पोट साफ करायचं. ते मीठ आतड्यात पाणी धरून ठेवतं, म्हणून जुलाब होतात. त्या काळात पारा आणि अँटिमनी देऊन पोट साफ करायची पद्धत होती, त्यामानाने हे कितीतरी सौम्य. ग्लाउबरने मात्र त्याची जाहिरात अशी केली की जणू सगळ्या रोगांवर हाच उपाय. आजच्या इन्स्टाग्रामवर असता तर त्याने कूपन कोडही दिला असता.

आता त्या बरणीकडे परत येऊ, कारण ग्लाउबरच्या मिठाची खरी खोड तिथे आहे. तुम्ही मोरचुदाचा प्रयोग केलाय: निळे खडे परीक्षानळीत तापवले की पांढरे पडतात, वर नळीच्या काठाला पाण्याचे थेंब जमतात. त्यासाठी बर्नर लागतो. ग्लॉबर सॉल्टला बर्नर लागत नाही, नुसती हवा पुरते. ती कशी, ते बघू.

खड्यातले पाण्याचे रेणू कायमचे बांधलेले नसतात. काही सुटून हवेत जातात, हवेतले काही परत खड्यात येतात. ठरावीक तापमानाला खड्याभोवती बाष्पाचा एक ठरावीक दाब असला की जाणारे आणि येणारे सारखे होतात. भोवतालच्या हवेत बाष्प त्याहून कमी असेल तर जाणारे जास्त, येणारे कमी. खडा सुकत जातो, पृष्ठभागावरून भुकटी व्हायला लागते. याला पुस्तकात उत्फुल्लन म्हणतात. नाव छान आहे, जणू खड्याला पांढरा फुलोरा आलाय. ग्लॉबर सॉल्टसाठी 20 अंश सेल्सियसला ही सीमारेषा साधारण 75 टक्के आर्द्रतेच्या आसपास पडते. म्हणजे हवा त्याहून कोरडी असेल तर खडे टिकणार नाहीत. पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी आर्द्रता किती खाली जाते ते तुमच्या फोनवरच्या वेदर ॲपमध्ये बघा, बरणीचं काय होणार ते कळेल. कोकणातल्या जुलैमध्ये तेच खडे बऱ्यापैकी टिकून राहतात.

पण तापमानाची आणखी एक गंमत आहे. 32.4 अंशांच्या वर हे दहा रेणूंचं घर मोडतंच. झाकण घट्ट असलं तरी मोडतं. फक्त तेव्हा पाणी हवेत जाऊ शकत नाही, त्यामुळे मीठ स्वतःच्याच पाण्यात विरघळू पाहतं आणि बरणीत ओला लगदा होतो. नागपूरच्या मे महिन्यात कुठल्याही लॅबने कितीही निगुतीने बरणी ठेवली तरी एसी नसेल तर खडे राहणं अशक्यच. संध्याकाळी गार झालं की त्या लगद्याचा दगडासारखा गठ्ठा. तो फोडायला लॅब असिस्टंटला हातोडी लागते.

याच्या अगदी उलट वागणारी मिठंही आपल्या घरात आहेत. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, म्हणून आजी त्यात तांदळाचे दाणे टाकते. तिथे मीठ हवेतलं बाष्प ओढून घेतं. शुद्ध मीठही आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की पाझरायला लागतं, आणि त्यात मॅग्नेशियम क्लोराइडची भेसळ असेल तर त्याच्या कितीतरी आधी. एकाच हवेत एक मीठ पाणी सोडतं, दुसरं पाणी पितं. हवा तीच, फरक मिठाने आपल्याभोवती किती बाष्पदाब ठेवलाय याचा.

ग्लाउबरला यातलं काय माहीत असणार? बाष्पदाब ही कल्पनाच नव्हती. पाणी हे संयुग आहे हे कळायला अजून सव्वाशे वर्षं होती. ठरावीक तापमानाला पाणीदार मिठांचा बाष्पदाब ठरावीकच असतो, हे फ्रान्समध्ये आंरी दब्रे याने 1868 च्या सुमारास मोजून दाखवलं, म्हणजे ग्लाउबर जाऊन दोनशे वर्षं होत आल्यावर. पण प्रश्न ग्लाउबरच्या काळातही खराच होता, आणि तो गिऱ्हाइकाच्या पोटाचा होता. ताज्या खड्यांची एक पुडी आणि फुललेल्या भुकटीची तेवढ्याच वजनाची पुडी, दोन्हींवर नाव एकच. पण 100 ग्रॅम खड्यांत खरं मीठ 44 ग्रॅम, आणि पूर्ण सुकलेल्या भुकटीत 100 ग्रॅम. म्हणजे सव्वादोनपट डोस! कोपऱ्यावरच्या दुकानदाराने झाकण उघडं ठेवलं की रुग्णाची रात्र संडासात. त्या काळातल्या औषधांवर लोकांचा विश्वास का बसत नसे, याचं एक कारण असल्या गोष्टींत आहे असं मला वाटतं. औषध चुकीचं नसायचं, वजन चुकीचं असायचं.

हा हिशोब आजही चालतो. कापूस रंगवताना रिॲक्टिव्ह रंग धाग्यावर चढावा म्हणून पाण्यात मीठ घालतात. कधी साधं, कधी ग्लॉबर सॉल्ट. इचलकरंजीसारख्या कापडाच्या गावात डाइंगवाल्यांना हे नाव नवीन नाही. तिथे खडे आणि कोरडी पावडर यांत गोंधळ झाला तर पावडर सव्वादोनपट जोरात काम करते, आणि शेड बदलते. एक लॉट दुसऱ्याशी जुळत नाही.

ग्लाउबरकडे वळू. 1640 चं दशक संपता संपता त्याचं दिवाळं निघालं. हॉलंड सोडून तो जर्मनीत, माइन नदीकाठच्या वाइनच्या मुलखात, आधी वेर्टहाइम आणि मग किट्झिंगेनला गेला. तिथे वाइन सुधारणं, वाइनच्या गाळातून टार्टर काढणं असे धंदे सुरू केले. पुन्हा गाळच! कृती विकून पैसे मिळवायचे हा त्याचा बिझनेस मॉडेल होता: पुस्तकात अर्धी सांगायची, उरलेली पैसे घेऊन, गुप्ततेची शपथ घालून. यातूनच क्रिस्टोफ फार्नर नावाच्या माणसाशी त्याचं जोरदार वाजलं. ग्लाउबर म्हणे, माझी कृती घेऊन हा ती भलत्यालाच सांगत सुटला. फार्नर म्हणे, कृतीच फसवी आहे. दोघांनी एकमेकांविरुद्ध पुस्तिका छापल्या. कोण किती खरं होतं ते आज ठरवणं अवघड, पण एक गोष्ट सरळ आहे. ज्ञान विकायचं तर लपवावं लागतं, आणि लपवलेलं ज्ञान तपासता येत नाही, म्हणून लोक त्याला भोंदू म्हणायला मोकळे. ग्लाउबर या कात्रीत आयुष्यभर राहिला. भरीस भर म्हणून त्याला सोनं बनवता येईल यावरही विश्वास होता. त्यातला एकही प्रयोग टिकला नाही, हे वेगळं सांगायला नको.

1655-56 च्या सुमारास तो ॲमस्टरडॅमला परतला आणि मोठं घर घेऊन त्यात प्रयोगशाळा थाटली. हाताखाली कामगार, मागे बाग. बागेत तो वेगवेगळी मिठं घालून पिकं वाढवून बघत असे. सोरा खत म्हणून चालतो हे त्याने ओळखलं होतं. इथेच त्याने जर्मनीच्या भरभराटीवर बरेच भाग असलेलं पुस्तक लिहिलं. युद्धाने पिळून काढलेल्या देशाने काय करावं? तो म्हणतो (माझ्या शब्दांत), पीक भरपूर आलं की धान्याचा आणि द्राक्षांचा रस आटवून दाट करा, साठवा, विका. पाणी वाहून न्यायला पैसे कशाला घालवायचे? ज्याला हवं त्याने आपल्या गावी पाणी घालावं. जहाजावरच्या खलाशांसाठीही त्याने असाच दाट केलेला माल्टचा अर्क सुचवला होता. ज्या माणसाच्या नावाच्या मिठात निम्म्याहून जास्त पाणी आहे, त्याच्या डोक्यात वस्तूंमधलं पाणी काढायचा विचार घोळत होता, ही गंमतच. त्याच पुस्तकमालेत शत्रूवर आम्ल फवारायची कल्पनाही आहे. माणूस काही साधुसंत नव्हता.

आयुष्यभर पारा, अँटिमनी, आर्सेनिक यांच्या वाफा नाकातोंडात गेल्या होत्या. धुराडं कितीही चांगलं बांधलं तरी सगळा धूर बाहेर जात नाही. 1660 च्या दशकात तब्येत ढासळली. त्यातच 1666 मध्ये गाडीवरून पडला, आणि मग अंथरुणाला खिळला. घर चालवायला पुस्तकं आणि उपकरणं विकावी लागली. ज्या भट्ट्यांवर नाव कमावलं, त्यांचं सामान एकेक करून दाराबाहेर गेलं. 1670 च्या मार्चमध्ये ॲमस्टरडॅममध्येच तो गेला. मुलांपैकी योहानेस चित्रकार झाला. त्याची निसर्गचित्रं ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहेत. डायना आणि यान गोटलीब हीसुद्धा चित्रं काढत. बापाच्या धंद्याचा वास घरात इतका असताना मुलांनी रंगांकडे वळावं, हे समजण्यासारखं आहे.

मीठ मात्र नंतर बरंच पुढे गेलं. 32.4 हा आकडा इतका पक्का निघाला की अमेरिकेत थिओडोर रिचर्ड्सने 1898 च्या सुमारास थर्मामीटर तपासायचा ठरावीक बिंदू म्हणून तो सुचवला. ते मीठ वितळताना भरपूर उष्णता शोषतं आणि घट्ट होताना ती परत देतं. या गुणावर 1948 मध्ये मारिया टेल्कीस या केमिस्टने मॅसॅच्युसेट्समधल्या डोव्हरला एक घर गरम ठेवलं. दिवसा उन्हाने ग्लॉबर सॉल्टचे डबे वितळवायचे, रात्री ते थिजताना घरात ऊब. दोनेक हिवाळे छान गेले. मग मीठ आणि पाणी थरांत वेगळं पडू लागलं, डब्यांना गंज लागला, आणि घरात नेहमीची शेगडी आली. पुन्हा तीच खोड, खड्यातलं पाणी जागेवर राहीना.

आणि भिंतीला लोणा लागतो तो? जुन्या घरात, ओल चढलेल्या भिंतीवर पांढरा कापसासारखा थर येतो, हात लावला की भुरभुर गळतो. त्यात अनेक मिठं असतात, पण सोडियम सल्फेट त्यातलं सगळ्यात नाठाळ. हवा कोरडी झाली की ते पाणी सोडून भुकटी होतं. दमट झाली की पुन्हा पाणी धरून खडा होतो, आणि खड्याला जागा जवळपास चौपट लागते. दगडाच्या, विटेच्या बारीक छिद्रांत हे ऋतूमागून ऋतू चालू राहिलं की आतून ढलपे सुटतात. जुन्या वास्तू सांभाळणारे लोक त्यामुळे खोलीतली आर्द्रता वहीत लिहून ठेवतात.

तुमच्या लॅबमधल्या त्या बरणीचं झाकण बहुतेक अजूनही ढिलं असेल. थोडे खडे वजन करून उघड्या वॉचग्लासवर ठेवा आणि रोज वजन घ्या. आठवडाभराचा ग्राफ काढला की त्यात त्या आठवड्याची हवा दिसेल. वॉचग्लास खिडकीत ठेवू नका, पंख्याच्या वाऱ्याने भुकटी उडते.